निरोगी माणसाची सही

चहा घेतलाय ना हातात? मग ऐका. स्वतःच्या अकलेचं इतकं जाहीर प्रदर्शन मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही, आणि तेही पगार घेऊन.

मी लातूरचा. इंदूरला आलो ते पलासियाजवळच्या एका हॉस्पिटलात, संशोधनाची आकडेवारी सांभाळायला. न्यूमोनियाचा पेशंट दाखल झाला की त्याचा ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन मोजायचं आणि सगळ्याचे मिळून गुण काढायचे. गुण जितके जास्त तितका आजार गंभीर. मग महिन्याने फोन करून बघायचं, पहिल्या दिवशीच्या गुणांनी पुढचं बरोबर सांगितलं होतं का.

पेशंट घ्यायच्या आधी आठवडाभर ऑक्सिजन मोजायचं मशीन रोज एका निरोगी माणसावर तपासायचं ठरलं. निरोगी माणूस कोण? अस्मादिक! 'मी निरोगी आहे' या ओळीखाली झोकात सही ठोकली. जरा खोकला होता, पण हवा बदलली की होतोच की.

पहिल्या दिवशी बोटाला चिमटा लावला, ऑक्सिजन एक्क्याण्णव. म्हटलं सेल गेले. सेल बदलले. दुसऱ्या दिवशी नव्वद. मशीनच बदललं, तर नव्या मशीनने अठ्ठ्याऐंशी दाखवलं. मी कंपनीला खरमरीत मेल टाकून मोकळा.

आमच्या वॉर्डच्या सिस्टर मंदाताई. इंदूर संस्थानाच्या फौजेत पणजोबा होते, त्यामुळे पक्क्या इंदुरी, 'भैया'ला 'भिया' म्हणणाऱ्या. त्या रोज म्हणायच्या, चेहरा उतरलाय, डॉक्टर मॅडमना दाखवून घ्या. मी हसण्यावारी नेलं. उलट त्यांनाच मशीन लावलं, अठ्ठ्याण्णव. दारावरच्या बिड्या ओढणाऱ्या चौकीदाराला लावलं, सत्त्याण्णव. आता शहाण्या माणसाने यावरून काय समजावं? मी समजलो की हे मशीन बाकी सगळ्यांना वाढवून दाखवतंय!

झालं, माझं डोकं फिरलं. आता मशीनवर भागेना, मी गुणांच्या सूत्रावरच घसरलो. संशोधनाच्या प्रमुख डॉक्टर, म्हणजे आमच्या मोठ्या मॅडम, यांना सांगून मीटिंग बोलावली. लिफ्ट बंद होती म्हणून तीन जिने चढून गेलो, पडद्यावर स्वतःचे आकडे लावले. शाळेत मला कधी इतके गुण मिळाले नव्हते.

"हे बघा, माझ्यासारखा धडधाकट माणूस, आणि स्कोअर म्हणतो ताबडतोब दाखल करा. पेशंटवर हा वापरला तर अनर्थ होईल."

एवढं बोलायला मला चार वेळा थांबावं लागलं. दम लागत होता ना! पडद्याकडे कोणी बघतच नव्हतं, सगळे माझ्याकडे बघत होते. मॅडमनी चष्मा काढला. मंदाताई उठल्या आणि त्यांनी माझा दंड धरला.

"मशीन एकदम बढिया आहे, भिया. खराब तुम्ही आहात. चला आता."

एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया. आणखी एक-दोन दिवस असेच वाद घालत राहिला असतात तर कठीण होतं, असं मॅडम शांतपणे म्हणाल्या. बायको लातूरहून पोचेपर्यंत मंदाताईंनी घरून मुगाची खिचडी आणून मला चमच्याने भरवली. एका शब्दाने टोमणा मारला नाही. माझ्याच संशोधनात मी पेशंट क्रमांक एक झालो, आणि या वेळी सही मात्र वरची ओळ नीट वाचून केली.

बरा झालो, कामावर रुजू झालो. महिना भरला. नियम म्हणजे नियम, मी खाली ऑफिसात बसलेलो असलो तरी वरच्या वॉर्डातून मंदाताईंचा रीतसर फोन आला. ताप? नाही. खोकला? नाही. जेवण? व्यवस्थित. मग, अजून काही सांगायचंय का?

सांगायचं होतं की हो! ताई, तुमच्यामुळे जिवंत आहे, एवढंच. पण बोलायला गेलो आणि रडूच फुटलं. नुसते हुंदके, तेही अडकत अडकत.

फोन कट. दोन मिनिटांत मंदाताई चाकाची खुर्ची ढकलत माझ्या टेबलाशी हजर. ऑफिसातले सगळे उठून उभे. म्हणाल्या, "श्वास अडकतोय ना? बसा."

अहो ताई, रडू येतंय, दम नाही लागलेला, असं मी म्हणू शकलो असतो. पण माझ्या तब्येतीबद्दल माझं मत काय लायकीचं आहे, ते आता अख्ख्या हॉस्पिटलला ठाऊक होतं. मी गुपचूप खुर्चीत बसलो आणि बोट पुढे केलं.