गंजलेला बोल्ट

माझी जुनी जीप पुढून एका अंगाला बसली तसा पोरगा म्हणाला, "आबा, उद्या भंगारात घालू." मी ऐकलं नाही. आमच्या औंढे गावाहून खडखडत कामशेतच्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही.

पुढच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा बदलायचा, तर त्याचा बोल्ट गंजून आत रुतलेला. मिस्त्री गाडीखाली आडवा होऊन हातोडा मारी, थांबे, बोल्टाला कान लावी, परत मारी. काळं झालेलं बोट बाहेर काढून म्हणाला, "इंजिनातलं जळकं तेल कुणी फासलं?"

"मीच. दरसाल पावसाआधी फासतो. हितं लोखंड टिकत न्हाई."

"तेल बोल्टाला पोचलंच न्हाई. त्याच्याभोवतीचं रबर तेवढं खाल्लं."

"शिकवू नगं. बोल्ट काढ."

"न्हाई निघाला तर गाडी गेली समजा."

गाडीभोवती नुसता फिरत राहिलो. बऱ्याच वेळानं खालून आवाज आला, "आबा, मगाधरनं तुमच्या चपला डोळ्यापुढनं जात्यात. माझा घाव चुकतोय. बसा बघू!"

मला कुणी बस म्हणालेलं खपत नाही. तरी बसलो. त्यानं बेतानं घाव घातला. बोल्ट मातीत पडल्याचा आवाज आला, तरी तो 'उठा' म्हणेपर्यंत मी बसूनच राहिलो.