मागावरची बोली

माहेरी तिला सगळे भोंगा म्हणायचे. हिने हाक मारली की चौथ्या घरातलं मांजर दचकून उठतं, असं तिचा भाऊ सांगे. कापडाच्या कारखान्यात लागल्यावर मात्र हा भोंगा बंद पडला. तिथे शेकडो यंत्रमाग एकदम धडधडतात. कानाशी ओरडलं तरी कळत नाही. म्हणून विणकर नुसत्या ओठांनी बोलतात. असंच बोलता बोलता समोरच्या रांगेतल्या विणकराशी तिचं जमलं. त्याने लग्नाचं विचारलं तेही मागांच्या पलीकडून, आणि मुकादमाची पाठ वळताच ती हो म्हणाली.

सासूबाईंना हे रुचलं नव्हतं. "पोरगी चांगली आहे रे," त्या मुलाला म्हणाल्या, "पण दोघं एकाच कामातली कशाला? एकाचं अडलं तर दुसऱ्याचं चालायला हवं. तुमचं दोघांचं एकदमच अडेल."

नवराबायको हसली. एकमेकांचं दुखणंखुपणं न सांगता कळतं, याहून सुख ते कोणतं? दृष्ट लागावी असा संसार होता.

ती लागलीच, कानांना. आधी त्याचे गेले, मागोमाग तिचे. ठार बहिरी नव्हती झाली, पण पाठीमागून कोणी बोललं तर दोघांनाही कळेना. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही, कारण घरातही ती मागावरचीच बोली बोलत. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि दारावरची थाप ऐकायची ती सासूबाईंनी.

मग छकुली झाली. तान्ही असताना रडायची, पण तिचं तोंड दिसल्याशिवाय आईबाप धावत नसत. पोर हुशार. आधी आईचा चेहरा शोधायची, मग तोंड उघडायची, आणि हळूहळू आवाज काढणंच तिने सोडून दिलं. चार वर्षांची झाली तरी ओठांनीच बोलायची. आईबापांना कोण कौतुक! सासूबाईंचा मात्र जीव धास्तावला.

"अगं, कौतुक कसलं करतेस? तुझी पाठ असली तर ही तुला बोलावणार कशी?"

"माझी नजर असते तिच्यावर, आई."

पुढे सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. सुट्टीच्या दिवशी दोघांनी दिवाणाच्या पोटातल्या रजया उन्हात टाकायला काढल्या. दोन्हीकडून धरून फळी परत बसवली, वर गादी पसरली. रजया वाळत घालून आत येतात तो छकुली दिसेना.

मोरी पाहिली, जिना पाहिला. कित्येक वर्षांनी भोंग्याने हाक मारली आणि गल्ली गोळा झाली. नवरा रस्त्याकडे धावला. तिने शेजारणीला हाताला धरून आत आणलं. "मावशी, तुमचे कान शाबूत आहेत. बघा ना, कुठे रडतेय का."

शेजारीण दिवाणाला टेकून, श्वास रोखून ऐकत राहिली. "नाही गं. घरात नाही ती," ती म्हणाली आणि बाहेर शोधायला गेली.

हाका मारून मारून भोंगा थकली. ती गादीवर मटकन बसली, आणि खालून काहीतरी अगदी हलकं थरथरलं. मागात सूत घेऊन धावणारा धोटा अडकला की विणकराला तो अंगातून कळतो, तसं तिला ते कळलं. गादी भिरकावून तिने फळी उपसली.

छकुली घामाने निथळत होती. चेहरा काळानिळा पडला होता आणि ओठ हलत होते. आई. आई. आई.

तिने पोरीला उराशी आवळलं. मग तो चेहरा समोर धरून, रडत रडत विचारलं, "कधीपासून हाक मारत होतीस गं?"

"तू झाकण लावलंस ना, तेव्हापासून," छकुलीचे ओठ म्हणाले.