जित्याचं नाव

हिर्डोशीची एक म्हातारी माझ्या जीपमध्ये पुढच्याच सीटवर बसून भोरला येते. दहा वर्षं झाली, पण ‘डायवर’ सोडून तिनं मला कधी हाक मारली नाही. मला राग यायचा. एकदा मुद्दाम नाव सांगायला गेलो, तर तिनं कानांवर हातच ठेवले. म्हणाली, “जित्या माणसाचं नाव म्या घेत न्हाई.”

तान्हं बाळ रडायचं थांबेना की आमच्याकडं तिलाच बोलावतात. बाळाला मांडीवर घेऊन ती त्या घरातल्या वारलेल्यांची नावं एकेक करून त्याच्या कानात सांगते. ज्या नावाला बाळ गप्प होईल, ते माणूस परत आलं असं धरतात आणि बाळाला तेच नाव ठेवतात.

परवा ती आमच्या नातवासाठी आली. मी नावं सांगत गेलो, ती त्याच्या कानात बोलत गेली. पणजोबा झाले, आई-वडील झाले, गेल्या साली गेलेला धाकटा भाऊही झाला. नातू रडतच होता. नावं संपली.

म्हातारीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, “तुजं नाव काय रं, डायवर?”

मी तोंड उघडलं, तोच बायकोनं बाळ तिच्या मांडीवरून उचललं.

“ऱ्हाऊ द्या, मावशी. रडू द्या त्याला.”