न अडकणारी रेकॉर्ड आणि बमरोलीची हळद

"ताई, तुमची रेकॉर्ड खराब निघाली. अडकतच नाही!"

सुरतेहून फोन होता. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. "अडकते म्हणताय ना?" "नाही ना! तेच तर सांगतो. सरळ शेवटपर्यंत जाते." आता यावर जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या बाईनं काय बोलावं, तुम्हीच सांगा. नाशिकच्या आमच्या घरात बसून मी हाच उद्योग करते. रेकॉर्ड तिरप्या उजेडात धरायची, ओरखडे शोधायचे, मग दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या आणि प्रत ठरवायची. नव्यासारखी असेल तर निअर मिंट, थोडी वापरलेली असेल तर व्हेरी गुड, आणि त्याखाली गेली की गुड, म्हणजे खरं तर वाईट. आजवर माझ्याकडची एकही रेकॉर्ड परत आली नव्हती आणि त्याचा मला माज होता, उगाच कशाला लपवू? ही तर हळदीच्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, कुणाच्या आठवणीतही नसलेल्या गायिकांची. पण इतकी स्वच्छ की विकताना माझाच जीव तुटला होता.

"परत पाठवा, पैसे देते," मी म्हटलं. "पोस्टात तुटली तर? तुम्हीच या ना ताई. परवा पोरीची हळद आहे, जेवूनच जा," इति संजूभाऊ, सुरतेच्या बमरोली भागातल्या यंत्रमागांवरचे लूम मास्तर.

"एका रेकॉर्डसाठी सुरत?" नवऱ्यानं विचारलं. "रेकॉर्डसाठी नाही, माझ्या शब्दासाठी," असं मी ठसक्यात सांगितलं. सुरतेत पोंकाचे, म्हणजे तिकडच्या हुरड्याचे, दिवस सुरू झाले होते, ते मात्र सांगितलं नाही.

सकाळी लवकर गाडी काढली. नाशिकहून वणी, सापुतारा, वघई, उनाई, व्यारा, बारडोली असा रस्ता धरला. चिखलीवरून हायवेनं जाता येतं, पण तिकडं ट्रकांची रांग. इकडं निदान सागाची झाडं बघत जाता येतं. सापुताऱ्याच्या घाटात पुढचा माणूस मध्येच थांबून सेल्फी काढतो हे गृहीत धरूनच चालवा. बारडोलीच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं अर्धा तास रखडले, पण बारडोलीत पातरा खाल्ला आणि राग गेला. आपल्या अळूवडीचीच ती बहीण, जरा जास्त गोड बोलणारी. तुम्हीही रेकॉर्ड घेऊन फिरत असाल तर एक सांगते, ती डिक्कीत ठेवू नका. थंडीतसुद्धा डिक्की तापते आणि रेकॉर्डचा पापड होतो. सीटवर उभी ठेवायची, आडवी नाही.

उधना स्टेशनजवळ हजारभर रुपयांत बरी खोली मिळाली. तिथून रिक्षानं बमरोली. गल्लीत शिरलं की लूमचा खडखडाट कानात बसतो, आणि लोक त्यावरून मोठ्यानं बोलतात, मग घरात आल्यावरही तसंच बोलतात. संजूभाऊंचं घर मूळ अकोल्याकडचं. घरात त्यांची आई पार्वताबाई आणि नवरी मुलगी रोशनी. चहा येण्याआधीच मी म्हटलं, "लावा रेकॉर्ड."

लावली. टिपॉयवर जुना प्लेअर, टिपॉयचा एक पाय लंगडा. गाणं असं खणखणीत वाजलं की माझी मान ताठ झाली. नवरीच्या मामाला बोलावणारी ओळ आली आणि गेली. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"पाह्यलं?" पार्वताबाई म्हणाल्या. "गेली न सरळ!"

मग उलगडा झाला. संजूभाऊंच्याच हळदीत पार्वताबाईंचा हळदीनं माखलेला हात प्लेअरला लागला, सुई घसरली आणि त्यांच्याकडच्या याच गाण्यांच्या जुन्या रेकॉर्डवर ओरखडा पडला. तेव्हापासून सुई त्या ओळीला अडकायची. मामा, मामा, मामा! मामा पाटावर येऊन बसायचा आणि सुई अडकलेली असेपर्यंत बायका त्याला हळद फासायच्या. सुटका हवी असेल तर मामानं जमिनीवर पाय आपटून सुई हलवायची. गल्लीतल्या सगळ्या पोरींच्या हळदी अशाच झाल्या. आता रोशनीची पाळी, आणि सामान हलवताना कुणीतरी रेकॉर्डवर बसलं. झाले दोन तुकडे, म्हणून माझ्याकडून ही मागवलेली.

"अगं, मोबाइलवर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवता येतो की," मी म्हटलं.

"डीजेवाला पण तेच बोलला, आंटी. पण त्याचा लूप पाय आपटल्यावर थांबतो का?" रोशनी म्हणाली.

मग पार्वताबाई अगदी सहज म्हणाल्या, "तूच मार न एक रेघ. तुले समजते त्यातलं."

मी ताडकन उठलेच. रेकॉर्ड पुसतानासुद्धा मी श्वास रोखून धरते आणि ही बाई मला ओरखडा मारायला सांगते! अशी दुसरी प्रत मला पुन्हा मिळण्याची आशा नव्हती. "उद्या सकाळी येते, पैसे घ्या आणि रेकॉर्ड द्या," असं म्हणून बाहेर पडले. चौकात गाडीवर लोचो खाल्ला, हरभऱ्याच्या डाळीचा मऊ, मोडलेला ढोकळाच म्हणा, वरून बटर आणि शेव. अप्रतिम होता. तरी अर्धी प्लेट तशीच ठेवली, कारण रोशनीचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. तिनं एकदाही हट्ट केला नव्हता आणि तेच मला जास्त लागलं होतं.

सकाळी दारात मांडव पडला होता. आत गेले तर पार्वताबाई मांडीवर रेकॉर्ड घेऊन बसलेल्या, हातात गोधडीची सुई. गोधडीला टाका घालावा तसा हात उचललेला.

"अहो आई, थांबा! तिथं नाही! ते दुसरं गाणं आहे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

झालं. ओळ कुठं आहे ते मलाच ठाऊक होतं, म्हणजे काम माझ्याच गळ्यात पडलं. सुई हातात घेतली. पहिली रेघ इतकी हलकी मारली की नुसतं 'टक' वाजलं आणि गाणं पुढं गेलं. दुसरी मारली तर सुई पुढंच उडाली, मामाला न बोलावताच गाणं संपायला आलं. "मामाले वगळलंच हिनं!" पार्वताबाई ओरडल्या आणि मांडवातल्या बायका हसून हसून लोळल्या. आता निअर मिंट गेली होती, व्हेरी गुडही गेली होती, उरली होती फक्त माझी अब्रू. तिसरी रेघ तिरकी, सुईला मागं ढकलेल अशी मारली.

मामा. मामा. मामा. मामा.

आयुष्यात कधी इतका आनंद झाला असेल तर शपथ! बारडोलीकडून आलेला रोशनीचा मामा, चांगला धिप्पाड गडी, पाटावर बसला आणि चारही बाजूंनी हळदीचे हात पडले. त्यानं पाय आपटला. सुई हलेना. पुन्हा आपटला. हलेना! मी रेघ जरा जास्तच खोल मारली होती. मामाच्या मिशा पिवळ्या झाल्या, कान पिवळे झाले. तो माझ्याकडं बोट दाखवून ओरडला, "या बाईनं केलंय ना? मग हिलाही बसवा!" मला पाटावर कुणी ओढलं ते कळलंच नाही. शेवटी मामानं आणि मी एकदमच पाय आपटले, तेव्हा कुठं टिपॉय हलला आणि गाणं पुढं सरकलं.

रोशनी हसता हसता रडत होती. पार्वताबाई तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुया बापाच्या मामानंही असाच पाय आपटला होता माया संजूच्या हळदीत." मलाही रडू आलं, लपवलं नाही. पैसे परत करायचा विषय मी काढला, तर संजूभाऊंनी कानाला हात लावले. "आता तर एकदम बराबर चालते ना ताई!"

दुसऱ्या दिवशी तापीकाठी पोंक, लिंबू-मिऱ्याची शेव आणि ताक घेतलं. हुरडाच तो, पण शेवेबरोबर खाऊन बघाच. नवऱ्यासाठी घारी, म्हणजे तुपात बुडवलेली खव्याची सुरती मिठाई, बांधून घेतली आणि त्याच रस्त्यानं परत आले.

घरी माझ्या कपाटात एक सीलबंद रेकॉर्ड आहे. म्हणजे होती. प्लास्टिकचं वेष्टन कारखान्यातून आलं तसंच, कुणीच कधी न ऐकलेली. सीलबंद मालाला सगळ्यात जास्त किंमत येते, म्हणून वर्षानुवर्षं मी तिला नुसतं पुसत होते. आल्या संध्याकाळी ब्लेड घेतलं आणि वेष्टन फाडलं. नवरा घारीचा तुकडा हातात धरून बघतच राहिला.

गाणी अगदीच सुमार निघाली हो! पण आम्ही दोघांनी बसून ती शेवटपर्यंत ऐकली, आणि मग मी उठून दुसरी बाजू लावली.