एरंडेल नको म्हणाले

लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पावसाने आमच्याकडे पाठ फिरवली होती आणि मी नांदेडहून लातूरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू व्हायला लाल स्पोर्ट्‌स कारमधून निघाले होते. हे मी आजही ताठ मानेने सांगते. दुष्काळात असली थेरं शोभतात का, असं आळीतल्यांनी विचारलं, नात्यातल्यांनी विचारलं, ज्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीही विचारलं. मी बसने गेले असते तर ढग भरून येणार होते का?

गाडी वडिलांनी उभी केली होती. ते बस डेपोत मेकॅनिक. धरणाच्या कामावर आलेल्या एका कंत्राटदाराने ती दोन सीटांची विलायती गाडी भंगारात काढली, तेव्हा वडिलांनी ती बैलगाडीला बांधून घरी ओढत आणली. मग कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी घरात त्यांचे फक्त पाय दिसायचे, बाकी माणूस गाडीखाली. जो पार्ट मिळाला नाही तो त्यांनी स्वतः घडवला. माझं डॉक्टरकीचं शिक्षण आणि ती गाडी बरोबरीनेच पुरी झाली. किल्ली देताना म्हणाले, "तुझ्यासाठी केलीय. जपून चालव, पर लपून चालवू नको."

ती तेल लई खायची. मागच्या बाजूने एक सील गळत होतं आणि ते त्यांना काही केल्या मिळालं नव्हतं. म्हणून निघायच्या आधी त्यांनी मला तेलाची शिकवणीच दिली. वीस-पन्नास नंबरचं घाल. ते नसलं तर चाळीस नंबर घाल, उन्हाळ्यात जाड तेल चालतं, पातळ चालत नाही. पंपावरच्या तेलात पंपावरचं तेल मिसळतं, कंपनी कुठली का असेना. पण एरंडेल थेंबभरही घालायचं नाही. रेसच्या गाड्यांत नुसतं एरंडेल घालतात म्हणे, पण साध्या तेलात ते पडलं की दोन्ही फाटतात, चिकटा होतो आणि इंजिन जातं. हे इतकं बजावायचं कारण म्हणजे आमच्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेलच लागतं. रस्त्यात अडलेल्या कुणालाही लोक ते आपणहून देतात, पाणी द्यावं तसं.

अहमदपूरच्या पुढे तेलाच्या दाबाचा काटा खाली यायला लागला. बरोबरचा तेलाचा डबा मी वाटेत लोहा गावातच रिकामा केला होता. समोर एका गावाचा फाटा आला आणि फाट्यावर अख्खं गाव घागरी, कळश्या, डालड्याचे डबे घेऊन टँकरची वाट बघत उभं होतं. त्या रांगेसमोर जाऊन माझी लाल गाडी थांबली. लोकांच्या तोंडावरची निराशा मी विसरणार नाही. टँकर येईल म्हणून बघावं तर ही आली.

मी इंजिन बंद केलं, थोडी थांबले, बॉनेट उघडलं आणि मापाची पट्टी पुसून बुडवली. तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं. तसंच पुढे रेटलं असतं तर बेअरिंगं गेली असती आणि वडिलांच्या इतक्या वर्षांच्या कष्टाचं तिथेच भंगार झालं असतं.

रांगेतून एक पांढऱ्या धोतराचे म्हातारे पुढे आले. गावात त्यांचं वजन असावं, कारण त्यांना वाट देत माणसं बाजूला झाली. त्यांनी एकाला घरी पिटाळून एरंडेलाची बाटली आणवली.

"घ्या बाई. घाण्याचं हाय. आमच्या गाडीला बापजाद्यापासून हेच घालून राहिलो."

"नको काका. ह्यात चालत न्हाई."

"चालतंय की. तेल ते तेल."

"न्हाई चालत. मिसळलं का इंजिन बसतंय."

ते मनापासून देत होते, हे मला दिसत होतं. त्यांनी बाटली खाली घेतली नाही. गाव विचारलं, मी नांदेड सांगितलं. वडिलांचं काम विचारलं, तेही सांगितलं. मग आडनाव विचारलं. आम्ही बौद्ध, ते आडनावावरून कळतंच. त्यांचा हात हवेतच थांबला.

"आन् तुमी आमाला नको म्हन्ता?"

बाटली घ्यावी, ओतल्यासारखं करून दोन थेंब रस्त्यावर सांडावेत आणि हात जोडून सुटावं, असंही मनात येऊन गेलं. पण रागही तेवढाच आला होता. हे इंजिन माझ्या बापाचं होतं.

"हाव," मी म्हणाले. "नको म्हन्ते."

तेवढ्यात टँकर आला आणि माणसं तिकडे धावली. ड्रायव्हर उदगीरचा, पिकल्या दाढीचा मुसलमान होता. मी तेलाचं विचारलं तेव्हा म्हणाला, "चालीस नंबर हाय मेरे पास. पन पैले पानी, बाई."

मी थांबले. शेवटची कळशी भरेपर्यंत उन्हात गाडीपाशी उभी राहिले. म्हातारे पारावर बसून माझ्याकडे बघत होते आणि मीही नजर खाली घेतली नाही. मग ड्रायव्हरने डबा दिला. मी थोडं थोडं ओतत, थांबत, पट्टी बुडवत तेल दोन खुणांच्या मध्ये आणलं. किल्ली फिरवली, काटा वर चढला. लातूरला दवाखान्याच्या दारात, अगदी समोर, सगळ्यांना दिसेल अशी गाडी लावली.

पुढच्या सुट्टीला नांदेडला गेले. तेल बदलायला वडील गाडीखाली शिरले. मी बाजूला बसून त्यांना सगळं सांगितलं. माझ्या वडिलांना आयुष्यभर लोक नको म्हणत आले होते. घर भाड्याने देताना, विहिरीवर, पंगतीत. त्यांनी कुणाला नको म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तोंडावर म्हन्लीस?" गाडीखालून आवाज आला.

"हाव."

"समद्या गावापुढं?"

"हाव."

काळं तेल घमेल्यात पडत होतं.

"परत सांग," ते म्हणाले. "पयल्यापासून सांग."