व्हय म्हाराजा म्हणायच्या आधी

बाबा गेल्यानंतरची पहिली चतुर्थी. गणपतीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते घरच्या कर्त्या माणसाने, म्हणजे आता माझ्या भावाने. आणि भाऊ बोलताना अडखळतो, अगदी लहानपणापासून.

आदल्या दिवशी काकांनी विषय काढलाच. "यंदा मी घालतंय गाऱ्हाणा. तेका कित्याक त्रास?" त्रास कुणाला होणार होता ते मला बरोबर कळलं. डोकंच फिरलं माझं. ओरोसच्या ऑफिसात दिवसभर शुद्ध बोलणारी मी, काकांपुढे मालवणीत सुटले. "देवाक खंय एसटी गाठूची आसा?" काकांनी विषय सोडला. भावाला गाऱ्हाणं घालायचं होतं, मनापासून घालायचं होतं. वहिनी म्हणाली, कित्येक दिवस परसातल्या माडांना ऐकवतोय.

गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकेक मागणं संपलं की सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. भाऊ हात जोडून उभा राहिला. "बा देवा म्हाराजा, ह्या घरात भांडाण..." आणि पुढचा शब्द अडला. तेवढं थांबणं सगळ्यांना पुरलं.

"व्हय म्हाराजा!"

अगो बाई, भांडण मागून घेतलं की आम्ही! पण भाऊच खो खो हसत सुटला. "र... रवा मरे! माजा होवंदे!" मग कुणी घाई केली नाही.

बाबा एका दमात घालायचे. काय वाकडं असेल ते सरळ कर, उणं असेल ते भरून काढ, असं सगळं. याचं वेगळंच. "परसातलो रायवळ आंबो उशिरा पिकता, उशिरा पिकांदे. माज्या चेडवाक पुस्तकापरास ढोरां बरी वाटतत, वाटांदेत." देवाकडे झाडासाठी, लेकीसाठी असलं कुणी मागतं का? पण ऐकताना इतकं बरं वाटत होतं.

"माज्या भयणीचो रा... रा..." मी डोळेच मिटले. कमी कर म्हणणार. म्हणू दे, खोटं थोडंच आहे?

"...राग आसा तसोच रवांदे. तो नसतो, तर मी आज हंय उबो नसतंय."

संपलं की अजून आहे ते कळेना, म्हणून सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने मान हलवली. तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज काकांचा आला, "व्हय म्हाराजा!"

मला मात्र तेवढे दोन शब्दही म्हणता येईनात.