इम्तियाझचा निरोप घेऊन भिवंडीला

म्हापशाहून एसटी सुटली तेव्हा ऑक्टोबरचं ऊन उतरत आलं होतं. माझ्या झोळीत एक कॅसेट होती आणि अंगावर कालचाच शर्ट. भिवंडीतल्या त्या घरी पोचल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते काही केल्या सुचत नव्हतं. ही एकोणनव्वद सालची गोष्ट.

मी तेव्हा शिरोड्याच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. तेरेखोलची खाडी होडीने ओलांडली की पुढे हरमलचा किनारा लागतो. पाऊस सरला की तिथे परदेशी मंडळी येत आणि सर्फिंग (लांब फळीवर उभं राहून लाटेबरोबर घसरत किनाऱ्याकडे येणं) करत. लाट चांगली असेल तर जेवणखाण सोडून पाण्यात, नसेल तर वाळूवर गिटार घेऊन बसायचं, असा त्यांचा दिवस. प्रत्येकाच्या फळीवर चित्र असे आणि ज्याला त्याला त्या चित्रावरून ओळखत. मार्टिन नावाच्या ऑस्ट्रेलियनाच्या फळीवर मी सावंतवाडीच्या गंजिफांवर (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवर) असतो तसा मासा रंगवून दिला. मग माझ्याकडे फळ्यांची रांगच लागली.

इम्तियाझ तिथेच भेटला. भिवंडीचा, लूमवाल्यांचा, म्हणजे यंत्रमागवाल्यांचा मुलगा. लुंग्या आणि चादरी विकायला आला होता. त्याच्याजवळ बँजो होता, लग्नाच्या वरातीत वाजतो तो, टाइपरायटरसारख्या कळांचा. गोऱ्यांच्या गिटारींमध्ये त्याचा बँजो असा काही मिसळला, की त्यांनी त्याला सोडलंच नाही. पुढे मार्टिनने त्याला फळीवर उभं राहायला शिकवलं. घरी मात्र त्याने कापड विकतो एवढंच सांगितलं होतं.

त्या दिवशी लाट मोठी होती. इम्तियाझ पडला आणि खडकावर आदळला. मार्टिनने त्याला बाहेर ओढून काढलं. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पायाची बोटं हलत नव्हती. म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करू, पण पायाचं आत्ता काही सांगता येत नाही, घरच्यांना बोलावून घ्या.

भिवंडीला त्याच्या वडिलांच्या कारखान्याचा फोन लागेना. तार करतो म्हटलं तर इम्तियाझने माझा हात धरला. "तार नको, मास्तर. तार बघूनच अम्मा जाईल. तुम्ही जा." ऑपरेशनला नेण्याआधी मार्टिनच्या टेपरेकॉर्डरवर त्याने आईसाठी दोन शब्द बोलून ठेवले.

सकाळी ठाण्याला उतरलो. डोळ्याला डोळा लागला नव्हता. कोणीतरी म्हणालं, नाशिकच्या गाडीत बसा, भिवंडीच्या फाट्यावर सोडेल. बसलो, आणि नेमका तेव्हाच डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन्हीकडे कापणीला आलेली भातशेतं होती. मी घाईने गाडी थांबवून उतरलो.

"हे कुठलं गाव?" विळा घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला विचारलं.

"वडपे. तुम्हाला कुठं जायाचं हाय?"

"भिवंडी. निजामपुरा."

"भिवंडी मागं ऱ्हायली. हितं थांबा, सुताचा टेम्पो येल. बस काय लवकर यायची न्हाय."

टेम्पो आला. ड्रायव्हर उत्तर प्रदेशातला होता. त्याने सुताच्या बाचक्यांवर मला जागा करून दिली आणि मागच्या खिडकीतून विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

"गनीशेठ. लूमवाले."

"अच्छे आदमी हैं. लड़का गोवा में है उनका. बहुत याद करते हैं."

मी झोळीतली कॅसेट चाचपून पाहिली.

निजामपुऱ्याच्या तोंडाशी त्याने मला सोडलं. गल्ली इतकी अरुंद, की समोरून हातगाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. जमीन थरथरत होती. खिडक्यांतून, जोत्यांखालून, सगळीकडून लूमचा खडखडाट येत होता. पत्ता विचारायचा तरी ओरडून. माणसं मात्र त्या आवाजात सहज चहा पीत होती. मी वाटेत शंभर वाक्यं जुळवली होती, 'घाबरण्यासारखं काही नाही' इथपासून. ती सगळी हळू आवाजात बोलायची होती.

गनीशेठ कारखान्यात होते. पांढरी दाढी, खांद्यावर पंचा. ताग्याचं एक टोक उजेडाला धरून पाहत होते. मी जवळ जाऊन ओरडलो, "मी इम्तियाझकडून आलोय." त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटलं, "इम्तियाझ. समुद्रात पडला होता."

आवाज पोचला नसणारच. पण लूमवर आयुष्य काढलेली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात. 'समुद्र' एवढा शब्द त्यांनी टिपला आणि पुढचं पाहिलंच नाही. हातातलं कापड सुटलं. ते होते तिथेच खाली बसले.

शेजारच्या कारागिराने आपला लूम बंद केला. मग पलीकडच्याने केला. एकेक करत सगळे थांबले, आणि त्या शांततेत फक्त माझाच आवाज उरला. "जिवंत आहे, शेठ. जिवंत आहे."

ते कारागिराच्या हाताला धरून उठले. मग मला बाहेर घेऊन गेले. गल्लीच्या कोपऱ्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, बोटं हलत नाहीत तेही.

"फळीवर उभा ऱ्हायला गेला," ते म्हणाले. "जमिनीवर उभं ऱ्हायला जागा न्हवती काय?" मग आवाज खाली आला. "बोटांचं त्याच्या अम्माला सांगू नका."

घर वरच्या मजल्यावर होतं. इम्तियाझच्या अम्मांनी मला पाहिलं, मागून भरदुपारी घरी आलेल्या नवऱ्याला पाहिलं आणि दाराची चौकट धरली.

"खरं सांगा. हाय ना?"

"आहे. पाय मोडलाय. त्यानेच हा निरोप पाठवलाय."

घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घातली. खालचे लूम पुन्हा सुरू झाले होते. म्हणून अम्मा टेपरेकॉर्डरला कान लावून बसल्या. "अम्मा, मी ठीक हाय. मास्तर घरचेच समज. अब्बांना रागवू देऊ नको." एवढंच होतं. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा.

"बोलतो ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "दम कसा घेतो ते ऐकते. नीट घेतो."

निरोपाच्या पुढे कॅसेटवर जुनं रेकॉर्डिंग उरलं होतं. गिटार, मागे समुद्राची गाज, आणि मध्येच चढत जाणारा बँजो. मी बंद करायला हात पुढे केला. गनीशेठ म्हणाले, "असू द्या." ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. "हा आमचाच वाजवतो?"

"हो."

"आणि हे गोरे लोक ऐकत बसतात?"

"त्याच्यामागे वाजवतात."

त्यांनी कॅसेट शेवटपर्यंत वाजू दिली. अम्मांनी आम्हा दोघांपुढे तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण ठेवलं. मला घास उतरेना. शेठनी मात्र माझ्याकडे पाहून जेवून दाखवलं, बायकोला संशय येऊ नये म्हणून. संध्याकाळच्या गाडीने आम्ही तिघं निघालो. अम्मांनी वाटेसाठी सांदणं (तांदूळ आणि नारळाच्या रसाच्या गोड, उकडलेल्या वड्या) बांधून घेतली होती. पळस्पे मागे पडलं, घाट आला, दुसऱ्या दिवशीचं उजाडलं, पुडकं तसंच. शेठ बसमध्ये मधूनमधून स्वतःच्या चपलेतली बोटं हलवून पाहायचे. ते माझ्याखेरीज कोणी पाहिलं नाही, असं मला वाटतं.

ऑपरेशन झालं होतं. इम्तियाझ डोळे मिटून पडला होता, मार्टिन जमिनीवर भिंतीला टेकून झोपला होता. अम्मा उशाशी गेल्या. शेठ पायाशी गेले. त्यांनी चादर वर केली आणि अंगठा जोरात चिमटीत धरला.

"लागतं का?"

इम्तियाझने डोळे उघडले. "लागतं, अब्बा."

"नक्की?"

"सोडा ना. खूप लागतं."

शेठनी अंगठा सोडला नाही. तसेच उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत असताना. मग म्हणाले, "परत जाशील पाण्यात?"

"आत्ता नका विचारू," अम्मा म्हणाल्या. "आत्ता विचारलंत तर खोटं बोलेल."

त्या दुपारी मी शिरोड्याला परतलो. भिवंडी कशी आहे, असं शाळेत सगळ्यांनी विचारलं. मला धड सांगता आलं नाही. गावं आपण एरवी डोळ्यांनी पाहतो. हे मी जीव मुठीत धरून पाहिलं होतं, आणि अजूनही भिवंडीचं नाव निघालं की आधी हात गार पडतात, मग त्या घरातल्या कालवणाचा वास आठवतो.

इम्तियाझ नीट चालू लागायला वर्ष गेलं. त्याच्या पुढच्या ऑक्टोबरात तो हरमलला आला, तेव्हा गनीशेठ बरोबर होते. तो फळी घेऊन पाण्यात शिरला. शेठ माझ्याशेजारी वाळूवर बसले, समुद्राकडे पाठ करून, तोंड माडांकडे. मागे लाट फुटल्याचा आवाज आला की विचारायचे, "उभा हाय का?"

मी पाण्याकडे पाहत सांगायचो, "उभा आहे."